दोन फासे आणि १९२४ चं बेळगाव: मराठीतून आरपीजी मांडायचा कसा

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच आरपीजी, हा बसून आणि बोलून खेळायचा खेळ. एक जण गेम मास्टर होतो. जग, त्यातली माणसं, त्यांच्या गरजा आणि लबाड्या, सगळं तो सांभाळतो. बाकीचे तिघं-चौघं एकेक पात्र घेतात आणि ‘माझं पात्र आता असं करतं’ असं सांगत जातात. एखादी गोष्ट जमेल की नाही याची खात्री नसेल तिथं फासे टाकायचे. पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत, आणि कोण जिंकलं हा प्रश्नच येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच पोरापोरींना या खेळाची ओढ लागते ती व्हिडिओ बघून. मग डंजन्स अँड ड्रॅगन्सचं नियमपुस्तक आणलं जातं. तीनशेवर पानांचं ते इंग्रजी पुस्तक वाचता वाचता निम्मे गळतात. उरलेले बसतात तेव्हा दुसरी अडचण येते. गेम मास्टर म्हणतो, तुम्ही एका परक्या शहरातल्या सरायच्या दारात उभे आहात, काय करता? सगळे एकमेकांकडं बघत राहतात. तिथं कुणाला काय विचारायचं, कोण खोटं बोलत असेल, कशाला किती पैसे पडतात, याचा अंदाज बांधायला त्यांच्या हाताशी काहीच नसतं. तीच पात्रं बेळगाव स्टेशनवर उभी करा. ‘स्टेशनमास्तर नको, आधी हमालाला गाठू’, ‘टांगेवाल्यांना ठाऊक असणार’ अशी चर्चा लगेच सुरू होते. खेळाडूला निर्णय घेता यायचा असेल तर जागा त्याच्या ओळखीची पाहिजे आणि नियम एका कागदावर मावले पाहिजेत. पुढची सगळी मांडणी या दोन अटी धरून केली आहे.

नियम कुठले घ्यायचे

जगात आरपीजीचे नियमसंच ढीगभर आहेत, पण फाशांच्या हिशेबाच्या तीन पद्धती कळल्या की सुरुवातीला पुरे.

पहिली वीस बाजूंच्या फाशाची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापलं, तिथून हा सगळा प्रकार पसरला. त्याच्या आजच्या रूपात एक फासा टाकायचा, त्यात पात्राचा गुण, म्हणजे त्या कामातल्या तयारीचा आकडा, मिळवायचा आणि बेरीज ठरलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त झाली का ते बघायचं. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघडाला २०. या फाशावर प्रत्येक आकडा पडायची शक्यता सारखीच, पाच टक्के. म्हणजे +५ गुणाचा चांगला तयार माणूसही मध्यम कामात शंभरातल्या ४५ वेळा हुकतो. लढाईत ही अनिश्चितता रंगत आणते. बोलाचालीच्या, शोधाशोधीच्या गोष्टीत मात्र ती फार टोचते.

दुसरी टक्केवारीची. १९८१ साली आलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयकथांच्या खेळात पात्राचं कौशल्य ६० असेल तर शंभराच्या फाशात ६० किंवा त्याखाली पडलं की जमलं. समजायला याहून सोपं काही नाही.

तिसरी दोन साध्या, सहा बाजूंच्या फाशांची. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१० च्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’नं ती गाजवली. दोन फाशांची बेरीज करून त्यात गुण मिळवायचा. १० किंवा जास्त आलं तर काम फत्ते. ७ ते ९ आलं तर जमतं, पण काहीतरी मोजावं लागतं. ६ किंवा कमी आलं तर गोष्ट अंगाशी येते आणि पुढची चाल गेम मास्टरची.

पहिल्या बैठकीला हीच पद्धत घ्या असं माझं ठाम मत आहे. फासे लुडोच्या डब्यात सापडतात हा एक भाग झाला. खरं कारण मधल्या उत्तरात आहे. दोन फाशांच्या एकूण ३६ जोड्या होतात. गुण शून्य असेल तर त्यातल्या ६ जोड्यांत पूर्ण यश, १५ जोड्यांत ‘जमतं, पण’, आणि १५ जोड्यांत फसगत. गुण +१ असेल तर १०, १६ आणि १०. गुण +२ असेल तर १५, १५ आणि ६. म्हणजे ज्या कामात पात्र तरबेज आहे त्यात ३६ पैकी ३० वेळा गोष्ट पुढं सरकते, आणि त्यातल्या निम्म्या वेळा नवी भानगड घेऊन सरकते. नवख्या गेम मास्टरला पुढं काय घडवायचं हा प्रश्न सतत छळतो. त्याचं निम्मं काम हे ‘पण’च करून टाकतं.

आधी जागा, मग गोष्ट

दिवाळीत आपण किल्ला करतो तेव्हा आधी दगड-माती रचतो आणि मावळे नंतर कुठं उभे करायचे ते बघतो, तशीच ही तयारी करावी. गोष्टीचा शेवट ठरवायचाच नाही. जागा, माणसं आणि प्रत्येकाची नड तयार ठेवायची.

उदाहरणासाठी मी डिसेंबर १९२४ चं बेळगाव घेतो. २६ आणि २७ डिसेंबरला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. आजच्या टिळकवाडीत ‘विजयनगर’ नावाचं तंबूंचं गावच उभं राहिलं होतं. पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर म्हणत. आजही काँग्रेस विहीर म्हणून ती आपल्याला माहीत आहे. व्यवस्थेची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्याकडं होती, स्वयंसेवकांची डॉ. ना. सु. हर्डीकरांकडं. अकरा वर्षांची गंगूबाई हनगल त्या अधिवेशनात गायली होती. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, रेल्वे मद्रास अँड सदर्न मराठा कंपनीची, रूळ मीटर गेजचे. रुपयाला सोळा आणे.

आणि खेळाच्या दृष्टीनं सोन्यासारखी गोष्ट म्हणजे शहापूर. आज बेळगावचाच भाग वाटणारं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. म्हणजे बेळगावातून चालत चालत निघालेला माणूस मध्येच ब्रिटिश मुलूख सोडून संस्थानी मुलुखात शिरायचा. बेळगावच्या पोलिसाला तिथं आपला अंमल चालवायचा तर आधी वरून कागदपत्र हलवायला लागणार. असा एखादा तपशील सापडला की गोष्ट निम्मी तिथंच तयार होते. कुठलंही गाव निवडलंत तरी आधी हेच शोधा: इथं कुणाची सत्ता कुठं संपते? सीमाभागात राहणाऱ्याला हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

तयारी एका ताव कागदावर करा. बेळगावकरांच्या डोक्यात नकाशा असतोच, त्यामुळं पाच जागा पुरतात: स्टेशन, विजयनगरचा तंबू, नाटक कंपनीचा मुक्काम, कपिलेश्वराकडून शहापूरला जाणारी वाट, शहापुरातलं एका विणकराचं घर. प्रत्येक जागेपुढं कानाला किंवा नाकाला जाणवणारी एक गोष्ट लिहून ठेवा. स्टेशनवर कोळशाचा धूर, शहापुरात मागाची खटखट. खेळताना एवढं एक वाक्य बोललं की जागा उभी राहते. लांब वर्णनं वाचून दाखवू नका, ऐकणारे सुटतात.

आता माणसं. गोष्ट माझ्या मनची आहे, इतिहासाची नाही, हे खेळाडूंनाही स्पष्ट सांगा. २३ डिसेंबर. पुण्याकडून आलेल्या गाडीतून एकसारख्या दोन ट्रंका उतरल्या. एकीत स्वयंसेवकांची वही, नाव-गावासकट. दुसरीत एका फिरत्या नाटक कंपनीचे शालू आणि टोप. स्टेशनवर अदलाबदल झाली. शालूंची ट्रंक विजयनगरात पोचली. वहीची ट्रंक कंपनीच्या माणसानं ‘ही आमची नव्हे’ म्हणून नाकारली आणि हमालाची मजुरी बुडवली. हमालानं ती रागानं शहापूरला, ओळखीच्या विणकराच्या घरी, तारण म्हणून नेऊन ठेवली. कंपनीचा आज रात्री नऊला प्रयोग आहे, म्हणून मॅनेजरनं चौकीवर चोरीची तक्रार दिली आहे. आणि तिथल्या हवालदाराला वरून तंबी आहे की अधिवेशनाची काही कागदपत्रं हाती लागली तर सोडू नका.

यात खलनायक कुणीच नाही. हमालाला दोन आणे पाहिजेत, मॅनेजरला शालू, हवालदाराला नोकरी टिकवायची आहे. प्रत्येकाच्या नावापुढं त्याला काय हवंय, कशाची भीती आहे आणि तो घरी कुठली भाषा बोलतो, या तीनच गोष्टी लिहा. खेळाडू काहीही करोत, या तीन उत्तरांवरून तो माणूस कसा वागेल हे तुम्हाला तिथल्या तिथं सुचतं.

गांधीजी, गंगाधरराव अशा थोरांची पात्रं खेळाडूंना देऊ नका, आणि गेम मास्टरनंही त्यांच्या तोंडी संवाद घालू नयेत. लांबून सभेचा आवाज येऊ दे, निरोप येऊ दे, तेवढं पुरे. खरी माणसं टेबलावर आली की निम्मा वेळ ‘ते असं म्हणाले असते का’ या वादात जातो, आणि कुणाच्या तरी श्रद्धेला धक्का लागतो तो वेगळाच.

पात्रं: अंग, डोकं, जीभ, नजर

एकेका खेळाडूला अर्धा कागद द्या. चार गुण: अंग, डोकं, जीभ, नजर. त्यांना +२, +१, ० आणि −१ हे आकडे हवे तसे वाटायचे. धावणं, उचलणं, मारामारी आली की अंग. वाचणं, हिशेब, युक्ती आली की डोकं. पटवणं, थाप मारणं, दटावणं आलं की जीभ. लपणं, पाळत ठेवणं, खोटं ओळखणं आलं की नजर.

धंदा एका शब्दात लिहा. टांगेवाला, मुलींच्या शाळेतली शिक्षिका, छापखान्यातला कंपॉझिटर, शिंपी, खानावळीतला आचारी. आपल्या धंद्यातल्या साध्या कामासाठी फासे टाकायचेच नाहीत. टांगेवाल्याला घोडा जुंपता येतोच. त्यासाठी फासा मागणारा गेम मास्टर खेळाडूचा हिरमोड करतो.

मग शेजारी बसलेल्या खेळाडूच्या पात्राशी एक देणं-घेणं जोडा. ‘याच्या बहिणीच्या लग्नात मी पैसे घातले होते’, ‘हिनं मला एकदा पोलिसांपासून लपवलंय’. ही एक ओळ पुढं भरपूर कामाला येते. संकटात कोण कुणासाठी थांबणार, हे त्यावरून ठरतं.

दुखापतीसाठी कागदाच्या कोपऱ्यात तीन चौकोन काढा. तिसरा भरला की पात्र त्या प्रसंगापुरतं बाद. पहिल्या गोष्टीत कुणालाही मारू नका.

भाषेचा नियम

माझ्या लेखी सीमाभागातल्या खेळाचा खरा कणा हाच आहे. बाहेरच्या नियमपुस्तकांत भाषा म्हणजे पात्राच्या कागदावरची एक यादी असते, बाकी खेळात ती फारशी दिसत नाही. आपल्याकडं मात्र दुकानाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता माणूस ठरवतो, आता मराठी काढायची की कन्नड. त्या एका निर्णयावर भाव बदलतो, बसायला मिळतं की नाही ते ठरतं. हे खेळात आणलं नाही तर बेळगाव नुसतं नावाला उरतं.

नियम असा. प्रत्येक पात्राला एक घरची भाषा, एक बाजारातली आणि एक तोडकीमोडकी. मराठी, कन्नड, कोंकणी, दखनी यांतून निवडायच्या. जिभेचा फासा टाकताना, समोरच्याच्या घरच्या भाषेत बोललात आणि ती तुमचीही घरची असेल तर +१. तुमच्या बाजारभाषेत बोललात तर जसंच्या तसं. तोडक्यामोडक्या भाषेत बोललात तर कितीही मोठा आकडा पडू दे, उत्तर ‘जमतं, पण’ याच्या वर जात नाही. आणि समोरच्याला तुमची भाषा येतच नसेल तर फासाच टाकायचा नाही. दुभाषा शोधा, खुणा करा, नाहीतर शेजारच्या घरातलं शाळेत जाणारं पोर बोलवा.

इंग्रजी कुणालाच घरची म्हणून देऊ नका. ती फक्त वाचायची भाषा, आणि तीसुद्धा एकाच पात्राला. तार, पावती, चौकीचा कागद हाती आला की सगळी मंडळी त्या एका पात्राभोवती गोळा होतात. कंपॉझिटरला ती दिली की तो माणूस अचानक महत्त्वाचा होतो.

याचा परिणाम असा होतो की एकच बोलघेवडा खेळाडू सगळी बैठक खाऊन टाकू शकत नाही. जीभ +२ असलेला पुणेरी वळणाचा वकीलसुद्धा शहापुरात शिक्षिकेच्या मागं उभा राहतो, कारण तिथं तिची कन्नड चालते. खऱ्या खेळाडूला कन्नड यायलाच पाहिजे असं नाही. येत असेल तर बिनधास्त बोलू द्या, नसेल तर ‘मी कन्नडातून असं असं विचारतो’ एवढं पुरे. आणि कुणाच्याही भाषेची, हेलाची नक्कल करून हशा मिळवायचा नाही. हा नियम सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा. नक्कल सुरू झाली की समोरचं माणूस माणूस राहत नाही, आणि टेबलावर ती भाषा घरी बोलणारं कुणी असेल तर ते गप्प होऊन जातं.

बैठकीआधीची बोलणी

खेळाआधी पंधरा मिनिटं काढून गोष्टीत काय नको ते ठरवून घ्या. जगभरचे खेळाडू याला सेशन झिरो म्हणतात. १९२४ च्या गावात जात येते: पाणवठ्यावर येते, पंगतीत येते. ती दाखवायची की नाही, दाखवली तर कुठवर, हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवावं. दाखवायची असेल तर जगातला अन्याय म्हणून दाखवा. पात्राच्या आडून समोर बसलेल्याला टोचायची मुभा कुणालाच नाही.

दुसरी गोष्ट सीमाप्रश्नाची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि प्रत्येकाच्या घरात त्याची काही ना काही आठवण आहे. हा विषय मी हलका मानत नाही. म्हणूनच पहिल्या बैठकीत तो आणू नका असं सांगतो. एकमेकांवर पुरता विश्वास बसलेला गट पुढं कधीतरी त्यावर फार चांगली गोष्ट खेळू शकेल.

टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवा. खेळताना कुणालाही एखादी गोष्ट सहन होईना तर त्यानं कार्डावर बोट ठेवायचं. कारण विचारायचं नाही, तो तुकडा तिथंच सोडून पुढं जायचं. जॉन स्टाव्हरोपुलॉस यांनी मांडलेली ही एक्स कार्डची रीत आता ठिकठिकाणच्या टेबलांवर रुळली आहे.

प्रत्यक्ष खेळताना

चार खेळाडू आणि एक गेम मास्टर हा आकडा उत्तम. सहाच्या वर गेलात की वाट बघण्यातच वेळ जातो. रविवारी दुपारी जेवणानंतर तीन तास धरा. सोप्यात सतरंजी टाकून बसलात तरी चालतं; टेबलच पाहिजे असं काही नाही. फोन एका टोपलीत गोळा करा.

पहिला प्रसंग थेट भानगडीतून उघडा. ‘तुम्ही स्वयंसेवकांच्या तंबूत आहात. ट्रंक उघडली. वहीच्या जागी जरीचा शालू आणि केसांचा टोप आहे. बाहेरून नाटक कंपनीच्या मॅनेजरचा आरडाओरडा ऐकू येतोय. काय करता?’ ओळख-पाळख, पात्राचा भूतकाळ, हे सगळं नंतर बोलता बोलता येतं.

कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करा. हे हवालदाराचं घड्याळ. प्रत्येक फसगतीला किंवा वेळ वाया गेला की एक भाग काळा करायचा. सहा भरले की शहापुरात शिरायचा कागद हवालदाराच्या हाती आला आणि ट्रंक उघडली. वर्तुळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा. चौथा भाग काळा झाला की खेळाडू आपोआप पुढं सरकून बसतात.

आता शहापुरातला एक तुकडा, टेबलावर ऐकू येतो तसा:

गेम मास्टर: दुपारचे चार. गल्लीच्या तोंडापासून मागाची खटखट ऐकू येतीय. एका घराचं दार उघडं, उंबऱ्याशी एक बाई कांड्या भरत बसल्यात. तुम्हाला बघून म्हणतात, “बर्री, कुंदर्री.” (या, बसा.)

टांगेवाला: ट्रंक दिसती काय?

गेम मास्टर: दिसती की. माजघरात. वर गोधडी टाकलीय, पितळी कडी तेवढी बाहेर आलीय.

शिक्षिका: मी ट्रंकेचं नावच काढत नाही. उंबऱ्याशी बसते आणि कन्नडातून विचारते, सुताचा भाव काय चाललाय म्हणून.

गेम मास्टर: कन्नड तुझी घरची, त्यांचीबी घरची. जीभ किती?

शिक्षिका: एक. भाषेचा एक. दोन धर.

फासे पडतात: चार आणि तीन. सात, अधिक दोन, नऊ.

गेम मास्टर: जमतंय, पण. बाई खुलल्या. ट्रंक हमालानं मजुरीपोटी ठेवलीय, हे त्यांनी सांगून टाकलं. पण भाऊ घरात नसताना त्या ती हलवू देणार नाहीत. आता तुम्ही ठरवा. हमालाचे दोन आणे तुम्ही इथं ठेवलात तर त्या देतील. नाहीतर भाऊ येईपर्यंत थांबायचं, आणि घड्याळाचं एक घर भरायचं.

कंपॉझिटर: दोन आणे आहेत काय कुणाकडं?

टांगेवाला: दीड आणा हाय. घोड्याच्या हरभऱ्याचा.

इथं गेम मास्टरनं काय केलं ते बारकाईनं बघा. नऊ आल्यावर त्यानं यश हिरावून घेतलं नाही. माहिती पूर्ण दिली. किंमत सांगितली, आणि ती कशी चुकवायची ते खेळाडूंवर सोपवलं. मग दीड आण्याची गोष्ट टांगेवाल्यानं स्वतःच काढली. अर्धा आणा कुठून आणायचा यावर हे चौघं आता रंगून जातील, आणि ते कुठल्याच तयारीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

‘जमतं, पण’ आलं की काय मागायचं हे ऐनवेळी सुचत नाही, म्हणून चार किमती कागदाच्या कडेला लिहून ठेवा: वेळ जातो, पैसा जातो, नको त्याला कळतं, कुणाला तरी शब्द द्यावा लागतो. चौथी सगळ्यांत चांगली, कारण दिलेला शब्द पुढच्या बैठकीला परत येतो.

सहा किंवा कमी आलं तर ‘काही घडलं नाही’ हे उत्तर कधीही देऊ नका. दार उघडत नाही, एवढ्यावर खेळ थांबतो. दार उघडतं आणि आत हवालदाराचा मेहुणा बसलेला असतो, असं सांगितलं की खेळ पळतो. फासा टाकायला लावण्याआधी स्वतःला विचारा, हुकलं तर काय होईल? उत्तर सुचत नसेल तर फासा नको, सरळ ‘जमलं’ म्हणून मोकळं व्हा. माझ्या पाहण्यात नवे गेम मास्टर सर्वांत जास्त अडखळतात ते इथंच. फासे हातात आले की दर वाक्याला टाकावेसे वाटतात, आणि गोष्टीचा दम निघून जातो.

एखादा खेळाडू गप्प बसत असेल तर ‘तू काही बोल की’ म्हणून त्याला अवघडवू नका. त्याच्या पात्राच्या धंद्यातला एक ठोस प्रश्न विचारा. ‘तू शिंपी आहेस, हा शालू कुठल्या पेठेतला वाटतो?’ आणि तो जे सांगेल ते खरं माना. त्याच्या उत्तरातून गोष्टीला नवं गाव मिळालं तर तेही घ्या.

ट्रंक मिळाली, हवालदाराच्या हाती लागली किंवा कंपनीचा प्रयोग शालूंविना झाला, यातलं काहीही झालं की गोष्ट संपली. शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकानं आपल्या पात्राबद्दल एक वाक्य सांगायचं: २६ तारखेला अधिवेशन सुरू झालं तेव्हा ते कुठं होतं?

पुढच्या गोष्टी, पुढचे नियम

गट टिकला तर जागा बदलून बघा, आणि जागेप्रमाणं नियमही. खानापूरचं जंगल टक्केवारीच्या पद्धतीला फार शोभतं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, भीमगडाचा पडका किल्ला, आणि बारापेडेच्या गुहा, जिथं राटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ हे दुर्मीळ वटवाघूळ राहतं. पावसाळ्यात वाट बंद झालेली, कंदिलात तेल किती उरलंय त्याचा हिशेब, आणि हळूहळू वाढत जाणारी भीती. गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा आणि त्याला लागून उभी सूतगिरणी ही कामगारांच्या गोष्टीसाठी तयार जागा आहे. लढाईच पाहिजे असेल तर महमूद गावाननं बहमनी फौज घेऊन बेळगावच्या किल्ल्याला घातलेला वेढा घ्या. तिथं वीस बाजूंचा फासा खुशाल काढा. तो मिळाला नाही तर फोनवरचा चालतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. नेमकं नाव सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१. श्रेय दिलं की त्यांचा मराठी अनुवाद करायला, त्यात भर घालायला आणि तो वाटायला कुणाचीही परवानगी लागत नाही. पूर्ण पुस्तक अंगावर घेऊ नका. आपल्या गटाला लागतील तेवढी पानं मराठीत आणा: गुण कसे काढायचे, हल्ला कसा मोजायचा, विश्रांती आणि बरं होणं. जादूचा भाग शेवटी.

पात्रं पुढच्या बैठकीत चालू ठेवायची असतील तर वाढीचा नियम साधा ठेवा. ज्या गुणाच्या फाशावर पात्र तीनदा फसलं, तो गुण एकानं वाढतो, +३ च्या वर नाही. तोडकीमोडकी भाषा वापरून कुणाचं तरी काम निभावलं असेल तर ती बाजारभाषा होते. आणि गेम मास्टरची जागा आळीपाळीनं फिरवा. उठायच्या आधी पुढचा गेम मास्टर कोण ते ठरवून तयारीचा ताव त्याच्या हाती द्या. घड्याळाचं वर्तुळ, न फेडलेले आणे आणि दिलेले शब्द त्यावर लिहिलेले असले की त्याला गोष्ट तिथूनच उचलता येते.